मेणाचे नाक आणि दाहाचे माप

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एका मराठा माणसाची हकीगत प्रसिद्ध झाली. कावसजी हे त्याचे नाव. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकण्याचे काम तो करीत असे. १७९२ मध्ये संपलेल्या म्हैसूरच्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. जवळजवळ वर्षभर त्याने तसेच काढले. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडण्याचा पिढीजात धंदा असलेल्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाचे कातडे खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोघा इंग्रज वैद्यांनी ती क्रिया आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. मासिकातील तो मजकूर वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शस्त्रवैद्याने वीस वर्षे त्या विद्येचा पाठपुरावा केला आणि १८१४ मध्ये ती स्वतः करून पाहिली, हा पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो.

त्या हकीगतीतील एका बारकाव्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुण्याचा तो कारागीर प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेई, तो तुटलेल्या नाकाच्या जागी बसवी आणि त्याला चांगल्या नाकाचा घाट देई. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवी, त्याच्या कडेने रेघ ओढी, आणि तेवढे कातडे सोडवून खाली घेई. मेण हे तेथे माप होते. माप घेऊन झाले की त्याचे काम संपे. नाक व्हायचे ते रोग्याच्या स्वतःच्या मांसाचेच होई. शंभर वर्षांनी युरोपातल्या डॉक्टरांनी पुन्हा मेण हाती घेतले, परंतु ते माप म्हणून नव्हे, माल म्हणून. त्यांनी ते पातळ करून पिचकारीने त्वचेखाली भरले. त्या परक्या पदार्थाशी त्वचेने पुढे काय केले, हे मोजावयाचे साधन मात्र त्यांच्यापाशी नव्हते.

चेहऱ्यावरील सुरकुत्या बुजविण्यासाठी, ओठ किंवा गाल भरदार करण्यासाठी त्वचेत जे द्रव्य टोचतात त्याला आज 'फिलर' म्हणतात. मोठ्या शहरांतून हा आता नित्याचा व्यवहार झाला आहे. असे द्रव्य टोचल्यावर त्वचा लाल होते, फुगते, दुखते. ही लाली किती, ही सूज कसली, आणि ती किती दिवसांनी ओसरली म्हणजे निश्चिंत व्हावे, हे प्रश्न वरवर सोपे दिसतात. त्यांची उत्तरे शोधण्यात शंभराहून अधिक वर्षे गेली, आणि त्या काळात भरणारे हात सदैव मोजणाऱ्या हातांच्या पुढे राहिले.

शरीरात काही बोचले, भाजले किंवा शिरले असता त्या जागी जी खळबळ उडते तिला वैद्यकाच्या भाषेत दाह असे नाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात केल्सस या रोमन ग्रंथकाराने दाहाची चार लक्षणे नोंदविली: रुबोर म्हणजे लाली, तुमोर म्हणजे सूज, कालोर म्हणजे ऊन लागणे आणि डोलोर म्हणजे वेदना. ज्यांनी देवळातून जुना लॅटिन मिसा ऐकला असेल, किंवा दुःखी मातेचे 'मातेर डोलोरोसा' हे नाव ज्यांच्या ओठी असेल, त्यांना यांतला शेवटचा शब्द परका वाटणार नाही. आपल्याकडे सुश्रुताने याहून वेगळी वाट धरली. त्याने व्रणशोथाचे आम, पच्यमान आणि पक्व असे तीन टप्पे केले, आणि सूज कच्ची आहे की पिकली आहे हे ओळखता न येणाऱ्या वैद्याच्या हाती शस्त्र असू नये अशी त्याची दृष्टी होती. केल्ससने दाह कसा दिसतो ते सांगितले. सुश्रुताने तो केव्हा काय होतो ते पाहिले. दोघांचेही साधन एकच होते, वैद्याचे डोळे आणि बोटे.

कावसजीची हकीगत छापली गेली त्याच वर्षी, १७९४ मध्ये, लंडनमध्येच दाहावरील एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता जॉन हंटर आदल्याच वर्षी मरण पावला होता. हंटर हा कोणाच्या शब्दावर विसंबणारा गृहस्थ नव्हता. दाह झालेली जागा हाताला ऊन लागते. पण ती खरोखर किती ऊन असते, हे पाहण्यासाठी त्याने माणसांच्या आणि जनावरांच्या सुजलेल्या भागांत उष्णतामापक घालून पाहिला. निष्कर्ष अपेक्षेहून निराळा निघाला. त्या जागेची उष्णता वाढते खरी, परंतु शरीराच्या आतल्या रक्ताला मुळात जेवढी उष्णता असते तिच्यापलीकडे ती फारशी जात नाही. हाताला जी आग भासते ती मुख्यत्वे आतले ऊन रक्त कातड्याशी अधिक प्रमाणात आल्यामुळे. केल्ससच्या चार लक्षणांपैकी एक तरी अशा रीतीने अंकांत उतरले. उरलेली तीन तशीच राहिली.

पुढे १८६७ मध्ये जर्मनीत यूलिउस कोनहाइम याने बेडकाच्या पातळ पडद्यातील रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, आणि दाहाच्या वेळी रक्तातील पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर सरकताना पाहिल्या. या पेशी बाहेर पडून करतात काय, याचे उत्तर एका रशियन प्राणिशास्त्रज्ञाला सिसिली बेटावरील मेसिना गावी सापडले. १८८२ सालची गोष्ट. एल्या मेचनिकॉफ घरी एकटाच होता. तारामाशाचे पारदर्शक पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असता त्याच्या मनात आले की, याच्या अंगात काटा खुपसला तर त्याच्या हलणाऱ्या पेशी काट्याभोवती जमतील काय? काही दिवसांपूर्वी त्याच्या बागेत एका संत्र्याच्या जातीच्या झाडालाच नाताळचे झाड समजून मुलांसाठी सजविले होते. त्याच बागेतून त्याने गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लाच्या कातडीखाली खुपसले. उत्कंठेने त्याला रात्रभर झोप आली नाही. पहाटे पाहतो तो पेशींनी काट्याला वेढा घातलेला. या शोधासाठी पुढे १९०८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

फिलरची गोष्ट समजण्यास ही एवढी एक घटना पुरेशी आहे. त्वचेत घातलेला परका पदार्थ हा शेवटी गुलाबाचा काटाच होय. पेशी त्याच्याभोवती जमतात. तो गिळता आला तर गिळतात. गिळता आला नाही तर अनेक पेशी मिळून मोठ्या होतात, त्याला वेढून बसतात, त्याच्याभोवती तंतूंची भिंत बांधतात. ही खटपट आठ दिवसांत संपत नाही. पुष्कळदा ती वर्षानुवर्षे चालते, आणि बराच काळ वरून तिचा मागमूसही दिसत नाही.

मेसिनातील या प्रयोगाला सतरा वर्षे झाली होती तेव्हा व्हिएन्ना शहरी रॉबर्ट गेर्सूनी या शस्त्रवैद्याने मेणाची पिचकारी उचलली. १८९९ मध्ये, क्षयरोगामुळे वृषण काढून टाकावे लागलेल्या एका तरुण रुग्णाला केवळ आकार परत मिळावा म्हणून त्याने तेथे व्हॅसलीन टोचले. परिणाम पाहून डॉक्टर आणि रोगी दोघेही समाधानी झाले. पुढल्या वर्षी गेर्सूनीने ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि बघता बघता ती युरोप-अमेरिकेत पसरली. उपदंशाने किंवा अपघाताने नाकाचा दांडा खचून खोगिरासारखा झालेले लोक त्या काळी पुष्कळ असत. कपाळाचे कातडे कापण्याऐवजी एक सुई टोचली की नाक उभे राहते, हे ऐकून कोणाला मोह पडणार नाही? बर्लिनच्या एक्श्टाइनने अधिक उष्णतेला वितळणारे, म्हणून थंड झाल्यावर अधिक घट्ट राहणारे पॅराफिन वापरण्यास सुरुवात केली. खचलेल्या नाकांवरून मेण लवकरच सुरकुत्यांवर गेले, सुरकुत्यांवरून गालांवर आणि छातीवर गेले. रोग्यांची जागा गिऱ्हाइकांनी घेतली.

पहिली दुःखद वार्ता फार लवकर आली. मेण रक्तवाहिनीत शिरून फुप्फुसात अडकल्याच्या, नाकात मेण टोचल्यानंतर डोळा कायमचा गेल्याच्या घटना १९०० नंतरच्या पहिल्या तीनचार वर्षांतच वैद्यकीय मासिकांतून छापल्या गेल्या. तरीही टोचणे थांबले नाही. अशा आपत्ती विरळ, आणि त्या टोचणाऱ्याच्या हातून घडलेल्या चुका, असे म्हणून सोडून देता येत होते. ज्या संकटाला चूक म्हणता येत नव्हते ते संथ पावलांनी आले. सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, कधी दहा वर्षांनी मेणाच्या जागी कठीण गाठी उठू लागल्या. वरचे कातडे जांभळे पडू लागले, कोठे फुटू लागले. मेण उन्हाने आणि स्नायूंच्या हालचालीने मूळ जागा सोडून भलतीकडे उतरू लागले. १९०६ मध्ये हायडिंग्सफेल्ड या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने अशा त्वचेचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा मेचनिकॉफच्या पेशी तेथे मेणाचे थेंब वेढून बसलेल्या दिसल्या. वरून शांत वाटणाऱ्या चेहऱ्यात आत दाह चालूच होता.

या प्रकाराला एक मोठे नाव चिकटून राहिले आहे. ग्लॅडिस डीकन ही अमेरिकन कुळातील तरुणी विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील अत्यंत देखण्या स्त्रियांत गणली जाई. बोल्दिनीसारख्या नामांकित चित्रकाराने तिचे चित्र काढले होते. आपला चेहरा बाजूने पाहता ग्रीक पुतळ्यासारखा सरळ दिसावा, एवढीच उणीव तिला वाटली, आणि तिने कपाळ व नाक यांमधल्या खोलगट जागेत पॅराफिन भरून घेतले. कालांतराने ते मेण खाली घसरत हनुवटीकडे गेले आणि चेहरा विद्रूप झाला. १९२१ मध्ये ती मार्लबरोच्या नवव्या ड्यूकची पत्नी झाली, तेव्हा तिच्या सौंदर्याची कथाच मागे उरली होती. त्यांच्या ब्लेनम राजवाड्याच्या देवडीच्या छतावर तिचे निळे डोळे रंगविलेले आजही पाहावयास मिळतात. ती १९७७ मध्ये वारली. तिला हसणारे लोक पुष्कळ झाले. परंतु तिच्या डॉक्टरने सुई काढली त्या दिवशी तो चेहरा बिनडाग होता, आणि वैद्यकाच्या त्या काळच्या कसोटीप्रमाणे क्रिया यशस्वी ठरली होती, हे हसणाऱ्यांनी विसरू नये.

दोष त्या कसोटीतच होता. ती पहिल्या काही आठवड्यांत लावली जाई. शिवाय ती लाली आणि सूज यांवर, म्हणजे डोळ्यांना सहज दिसणाऱ्या दोन लक्षणांवर उभी होती. मेणाचा दाह तर नेमका कठीणपणाच्या रूपाने, बोटाला लागत होता, आणि तोही उशिरा.

आश्चर्य असे की, बोटाला लागणारा दाह मोजण्याची सोपी रीत त्याच व्हिएन्ना शहरात, त्याच दशकात जन्माला येत होती. क्लेमेन्स फॉन पिर्के हा तेथील बालरोगतज्ज्ञ. 'ॲलर्जी' हा आज घरोघरी झालेला शब्द त्यानेच १९०६ मध्ये घडविला. क्षयाचा संसर्ग झाला आहे की नाही हे ओळखण्यासाठी १९०७ मध्ये त्याने मुलांच्या हातावर बारीक ओरखडा काढून त्यात ट्युबरक्युलिन घातले. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये शार्ल माँतू याने तेच द्रव्य सुईने त्वचेच्या थरात टोचण्याची पद्धत काढली. हात पाहावयाचा तो लगेच नव्हे, तर दोनतीन दिवसांनी. आणि मोजावयाची ती लाली नव्हे. बोटाने चाचपून कठीण झालेला भाग किती ते ठरवावयाचे आणि त्याची आडवी रुंदी पट्टीने मिलिमीटरमध्ये लिहावयाची. लाली फसवी असते, ती येते आणि जाते. कठीणपणा म्हणजे पेशी खरोखर जमल्याची खूण. भारतात १९५१ पासून बी. सी. जी.ची देशव्यापी मोहीम सुरू झाली, तेव्हा अस्तन्या वर करून रांगेत उभी राहिलेली शाळकरी मुले आणि त्यांच्या हातावर लहानशी पट्टी धरणारे आरोग्यसेवक हे दृश्य गावोगाव दिसले. वयस्क श्रोत्यांपैकी कित्येकांच्या हातांवर ते माप घेतले गेले असेल. दाहाचे इतके स्वस्त आणि इतके प्रामाणिक माप त्यानंतरही फारसे निघालेले नाही. सौंदर्यासाठी टोचणाऱ्यांनी मात्र त्याची दखल घेण्यास सत्तर वर्षे लावली.

दरम्यान सुईसंबंधी एक महत्त्वाची गोष्ट सर टॉमस ल्युइस या ब्रिटिश वैद्याने सिद्ध केली. १९२७ च्या आपल्या ग्रंथात त्याने दाखविले की, कातडीवर बोथट टोकाने नुसती जोराची रेघ ओढली तरी क्रमाने तीन गोष्टी घडतात. प्रथम तांबडी रेघ उमटते, मग भोवती लाली पसरते, आणि शेवटी रेघ फुगून वर येते. अर्थात सुई टोचली की तिच्यात काहीही नसले तरी थोडाफार दाह व्हावयाचाच. म्हणून भरलेल्या द्रव्याचा दाह पाहणाऱ्याने सुईचा दाह त्यातून वजा करावयास हवा. एका जागी द्रव्य आणि शेजारी नुसते खारे पाणी टोचून दोन्ही जागांची तुलना करावयाची, हा मार्ग येथूनच निघतो.

सरकारी दप्तरात दाहाला गुण देण्याची पद्धत आली ती एका अनर्थामुळे. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्या रंगविण्याचे 'लॅश ल्यूर' नावाचे प्रसाधन विकले जात असे. त्यातील रंगद्रव्याने कित्येक स्त्रियांचे डोळे सुजले, काहींची दृष्टी गेली, एकीचा प्राणही गेला. प्रसाधनांवर तोपर्यंत तेथे कायद्याचे बंधनच नव्हते. १९३८ च्या कायद्याने ते आले. मग सरकारी खात्यातील जॉन ड्रेझ आणि त्याचे सहकारी यांनी १९४४ मध्ये सशांच्या कातडीवरील चाचणी प्रसिद्ध केली. लालीला शून्य ते चार गुण, सुजेला शून्य ते चार गुण. शाळेतल्या परीक्षेसारखीच ही व्यवस्था, आणि तिचा दोषही परीक्षेचाच. एका परीक्षकाचे दोन गुण दुसऱ्याचे तीन होतात. १९७१ मध्ये वाइल आणि स्काला यांनी तेच पदार्थ सुमारे दोन डझन प्रयोगशाळांकडे तपासण्यास धाडले, तेव्हा एका प्रयोगशाळेने सौम्य ठरविलेला पदार्थ दुसरीने तीव्र ठरविल्याचे आढळले. सशांच्या हालअपेष्टांची गोष्ट निराळीच.

मेणाच्या मागून सिलिकोन आले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये, आणि तेथून अमेरिकेत, द्रवरूप सिलिकोन स्त्रियांच्या छातीत व चेहऱ्यांत टोचले जाऊ लागले. हा पदार्थ निर्गुण आहे, शरीर त्याची दखलच घेत नाही, असा त्याचा लौकिक. मग तो जागच्या जागी राहणार कसा? तो घसरू नये म्हणून काही मिश्रणांत वनस्पतिज तेलासारखे पदार्थ मुद्दाम घालीत, का तर त्यांनी दाह उत्पन्न व्हावा आणि भोवती तंतूंची भिंत उभी राहावी! दाह हा येथे अपघात नव्हता, ती योजना होती. परंतु किती दाह पुरे आणि किती अति, हे ठरविणारी पट्टी कोणाजवळच नव्हती. औषधात मात्रा मोजतात. येथे आगीची मात्रा अंदाजाने घातली जात होती. अमेरिकेच्या औषध खात्याने १९६५ मध्ये अशा सिलिकोनला औषधाचे नियम लागू केले, तरी लास वेगासच्या नृत्यगृहांतील मुलींपर्यंत ते नियम पोचले नाहीत. गाठी, जखमा आणि काढून टाकावी लागलेली स्तने यांनी इस्पितळे भरू लागली तेव्हा नेव्हाडा राज्याने १९७० नंतरच्या दशकात हे टोचणे गुन्हा ठरविले.

पिर्केची आणि माँतूची आठवण अखेर गाईच्या कातड्याने करून दिली. त्या कातड्यापासून शुद्ध केलेले कोलॅजन अमेरिकेत १९८१ मध्ये संमत झाले. परक्या प्राण्याचे प्रथिन असल्यामुळे ते सर्वांनाच मानवणार नाही, हे बनविणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून चेहऱ्यावर सुई लावण्यापूर्वी कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूस एक दशांश मिलिलिटर टोचून ती जागा दोनतीन दिवसांनी आणि पुन्हा चार आठवडेपर्यंत पाहावयाची, असा दंडक घातला गेला. शंभरात सुमारे तीन जणांच्या हातावर लाल, कठीण गाठ उठे, आणि ते बाद होत. क्षयाच्या चाचणीचाच हा अवतार. सौंदर्याच्या व्यवहारात द्रव्य भरण्याआधी त्वचेचे मत विचारण्याची रीत येथे रुळली. तरीही चाचणीत उत्तीर्ण झालेल्यांपैकी थोड्यांच्या चेहऱ्यावर पुढे दाह उठलाच. पहिल्या सुईनेच त्यांच्या शरीराला त्या प्रथिनाची ओळख झाली होती. मग सावध डॉक्टर दोनदा चाचणी घेऊ लागले.

याच सुमारास डोळ्यांची जागा घेणारी यंत्रे भराभर तयार झाली. १९७५ मध्ये मायकेल स्टर्न याने लेसरचा किरण त्वचेवर टाकून तिच्यातील वाहत्या रक्ताचा वेग परावर्तित प्रकाशावरून ताडण्याची युक्ती दाखविली. १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने रंग तीन आकड्यांत लिहिण्याची नवी पद्धत मान्य केली, त्यांपैकी एक आकडा हिरव्यापासून तांबड्यापर्यंतचा. त्यामुळे लाली यंत्राने लिहिता येऊ लागली. १९७९ मध्ये माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी त्वचेची जाडी मोजली गेली. लाली, सूज आणि रक्ताचा ओघ ही सारी आता कागदावर अंकांत उतरू लागली. वेदना तेवढी राहिली. तिच्यासाठी आजही रोग्यालाच विचारावे लागते, आणि ते बरेही आहे.

यंत्रे आली म्हणून माप निर्दोष झाले असे मात्र नव्हे. लालीचे सारे मोजमाप गोऱ्या कातडीवर रचले गेले होते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेत रंगद्रव्याचा थर प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे खालची लाली वर येईपर्यंत जांभळट, करडी किंवा नुसतीच काळसर दिसते. शून्य ते चार गुणांच्या तक्त्यात तिला शून्य किंवा एक मिळतो, आणि 'दाह नाही' अशी नोंद होते. रंग मोजणारे यंत्रही यातून पूर्णपणे सुटत नाही, कारण तेही त्याच प्रकाशावर चालते. बॉस्टनच्या टॉमस फिट्झपॅट्रिक याने १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार पाडले ते आधी गोऱ्यांपुरतेच होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा व सहावा हे प्रकार मागाहून जोडले गेले. आपल्यासारख्यांच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. सावळ्या चेहऱ्यावरचा दाह पुष्कळदा ओसरून गेल्यावरच दिसतो, तोही महिनोन्महिने न जाणाऱ्या काळ्या डागाच्या रूपाने. अशा त्वचेत लाली पाहत बसण्यापेक्षा बोटाने चाचपणे, उष्णता पाहणे आणि शेजारच्या निरोगी त्वचेशी ताडून पाहणे अधिक भरवशाचे. म्हणजे पुन्हा हंटरचा उष्णतामापक आणि माँतूची पट्टी.

आज सर्वांत अधिक टोचले जाते ते हायलुरॉनिक आम्ल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये ते प्रथम गाईच्या डोळ्यातील चिकट रसातून वेगळे केले. माणसाच्या त्वचेतही ते मुळातच असते, म्हणून शरीर त्याला परके मानीत नाही असे सांगतात. तथापि मूळचे आम्ल त्वचेत फार काळ टिकत नाही. ते टिकावे म्हणून त्याचे धागे रासायनिक टाक्यांनी एकमेकांस जोडतात. युरोपात १९९६ मध्ये आणि अमेरिकेत २००३ मध्ये हा लगदा बाजारात आला. दाह मोजणाऱ्यापुढे त्याने एक नवेच कोडे टाकले. हे आम्ल पाणी धरून ठेवते, हाच त्याचा गुण. त्यामुळे टोचलेली जागा फुगलेली दिसली तर ती फुगवटी द्रव्याची, द्रव्याने ओढलेल्या पाण्याची, की दाहाची? जाडी मोजणारे यंत्र आकडा सांगते, कारण सांगत नाही. त्यातल्या त्यात सोय एवढी की, हे आम्ल विरघळविणारे पाचक द्रव्य उपलब्ध आहे. मेणाला ती सोय नव्हती.

कारण पाहावयाचे तर कातडीचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि सौंदर्यासाठी आलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा काप कोण काढू देईल? जर्मन शस्त्रवैद्य गॉटफ्रीड लेम्पर्ले याने हा पेच स्वतःच्या अंगावर घेतला. निरनिराळी फिलरे त्याने आपल्याच कोपराखालच्या हातात थोडी थोडी टोचून घेतली, आणि पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या व नवव्या महिन्यांत तेथील त्वचेचे तुकडे कापून काढवून तपासले. २००३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोलॅजन सहाव्या महिन्यापर्यंत पेशींनी गिळून टाकले होते, हायलुरॉनिक आम्ल नवव्या महिन्यापर्यंत. न विरघळणाऱ्या सूक्ष्म गोळ्यांभोवती मात्र तंतूंचे कवच चढले होते. त्यांपैकी एका द्रव्याच्या निर्मितीशी लेम्पर्लेचा स्वतःचा संबंध होता, हेही वाचकाने ध्यानात घ्यावे. तरी हात त्याचा स्वतःचा होता, आणि त्याने आठ दिवस नव्हे, नऊ महिने वाट पाहिली.

नऊ महिनेही पुरेसे आहेत काय? २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मॉडर्ना कंपनीच्या कोरोना लशीची कागदपत्रे तपासली गेली. सुमारे तीस हजार लोक सहभागी झालेल्या त्या चाचणीत लस घेतलेल्या तीन स्त्रियांच्या चेहऱ्यावर किंवा ओठांवर सूज आली होती. तिघींनीही पूर्वी कधी ना कधी फिलर टोचून घेतले होते, एकीने दोन आठवड्यांपूर्वी, दुसरीने सहा महिन्यांपूर्वी. सूज लवकरच उतरली. तिसरी तरुणी एकोणतीस वर्षांची होती. तिने सांगितले की, पूर्वी एकदा फ्लूची लस घेतल्यावरही आपले ओठ असेच सुजले होते.